वाट नाही, असं मी लिहून दिलं होतं

धोंडूमामांचं नाव आधी घेतो. आज मी घराच्या पायऱ्या माझ्या पायांनी उतरतो आणि चहाचा कप माझ्या हातात धरतो. त्यात डॉक्टरांचा वाटा आहे, सिस्टरांचा आहे, माझी बायको सुनीता हिचा तर फारच मोठा आहे. पण पहिलं नाव धोंडूमामांचं. पालीच्या बाजूला, राजगडाच्या अंगाला आमचं गाव आहे आणि गावाच्या वर डोंगरात सात-आठ घरांचा धनगरवाडा आहे. मामा तिथं राहतात, गुरं आणि शेळ्या राखतात. ते माझे सख्खे मामा नाहीत, नात्यातलेही नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. देवाचं ऐकणं म्हणजे काय, आणि त्यात आनंद कसा असतो, हे मला त्यांनी शिकवलं. ते शिकण्यासाठी मला सगळं अंग लुळं पडावं लागलं.

मला जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, झाला होता. ज्यांच्या घरात आज कुणी या आजारात पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डॉक्टरी माहिती माझ्याजवळ नाही, ती डॉक्टरांनाच विचारावी. मी एवढंच सांगू शकतो की आत काय वाटतं, आणि माणूस परत येतो तेव्हा कसा येतो. पण माझी हकीकत आजाराच्या दोन वर्षं आधी केलेल्या एका सहीपासून सुरू होते. ती सही गाळली तर बाकीचं सगळं खोटं होईल.

सही

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. वडील अंगठा द्यायचे. मी भोरला राहून शिकलो आणि तिथंच एका कॉलेजात कारकून म्हणून लागलो. खेड्यात पदवीधर मुलगा म्हणजे कायमचा पंच. कुणाचं घर पडलं, कुणाच्या बैलावर वीज पडली, बांधावरून वाद झाला, की पंचनाम्यावर पंच म्हणून सही माझी. "सुरेशची सही बघा, छापल्यावानी," असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. मी त्यासाठी खिशाला वेगळा पेन लावत असे.

वडील गेल्यावर माझे चुलते, तात्या, यांनी मला वाढवलं. त्यांचं रान डोंगराच्या पायथ्याला आहे. धनगरवाड्याची वाट त्या रानातून खाली पाणवठ्याला आणि पुढे रस्त्याला येते. तात्यांनी त्या रानात गडावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी तंबू टाकले आणि भोवती काटेरी तार ओढली. वाट बंद झाली. वाड्यावरच्या लोकांनी कचेरीत अर्ज केला.

मग एक दिवस तात्या कागद घेऊन भोरच्या एसटी स्टँडवर मला भेटायला आले. त्यात लिहिलं होतं की पंचांनी समक्ष जागेवर जाऊन पाहिलं असता तिथं वहिवाटीची वाट आढळून आली नाही. मी जागेवर गेलो नव्हतो. मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी सही केली.

न वाचता केली असती तर आज थोडं बरं वाटलं असतं. मी वाचून केली. आणि ती वाट मला ठाऊक होती. नववीपासून चार श्रावण मी रोज संध्याकाळी त्या वाटेनं वर जात होतो.

वाड्यावर पोथी होती, लाल कापडात बांधलेली, पण वाचणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे श्रावणात पोथी लावतात तेव्हा एकजण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचायला मी जायचो, अर्थ धोंडूमामा सांगायचे. अक्षर येत नसलेला माणूस अर्थ सांगतो याचं तेव्हा मला हसू यायचं. तेव्हापासून मामा मला 'मास्तर' म्हणतात. पुढे कॉलेज लागलं आणि माझं वर जाणं सुटलं.

त्या पंचनाम्यानंतर वाड्यावरचा अर्ज निकाली निघाला. वाट नाही, असं ठरलं. बायका दुसऱ्या बाजूनं वळसा घालून पाणी आणू लागल्या. मला हे माहीत होतं आणि मी त्याचा विचार करत नव्हतो.

घोंगडं

मतदार यादीच्या कामासाठी मला वाड्यावर जायचं होतं. दोन दिवस पायांना मुंग्या येत होत्या. मला वाटलं, नवीन बूट चावतायत. तात्यांनी फाटकाचं कुलूप काढून मला आत घेतलं. मला कोण अडवणार? मी वर गेलो आणि मामांच्या अंगणात बसून फॉर्म भरले. शेवटचा फॉर्म भरताना पेन दोनदा बोटांतून निसटला. उठायला गेलो तर उठता येईना.

"मास्तर, बसलाय कशापायी? च्या झाला न्हवं?" मामा म्हणाले.

"पाय उचलत नाहीत मामा."

"मुंग्या आल्यात व्हय? चोळा जरा."

"मुंग्या नाहीत. पाय आहेत असंच वाटत नाहीये."

मामा जवळ आले, त्यांनी माझा पाय उचलला आणि सोडला. तो लाकडासारखा खाली पडला.  त्यांनी भिंतीवरचं घोंगडं काढलं, त्याची झोळी एका लांब दांड्याला बांधली, त्यात मला घातलं. त्यांचा मुलगा शिवा, शेजारचे दोघं आणि मामा स्वतः, असे चौघं आळीपाळीनं खांदा देत निघाले. मामा साठीच्या पुढचे आहेत.

तारेपाशी आलो तर फाटकाला कुलूप. तात्या नसरापूरला बाजाराला गेले होते, फोन लागेना. समोर, तारेच्या पलीकडे, रस्ता दिसत होता.

शिवा बापाला म्हणाला, "दादा, तार तोडतो म्या. माणूस मरल न्हाईतर."

मामा म्हणाले, "तोडू नगंस."

"आन् का?"

"कागूद झालाय. कागदात हितं वाट न्हाई. तोडली तर उद्या तुला नेत्याल. चला, वळसा घालू."

त्या वळशाला दीड तास लागला. मी घोंगड्यात पडून आभाळ बघत होतो. घोंगड्याला लोकरीचा आणि धुराचा वास येत होता. चार माणसांचा श्वास माझ्या डोक्याशी वाजत होता. मला सगळं समजत होतं आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा बोलता येत होतं, तरी.

निदानाचा दिवस

भोरच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही. "पुण्याला न्या, आत्ताच न्या," एवढंच ते म्हणाले. वाटेतलं कामथडी गाव मागे पडेपर्यंत माझे हातही जड झाले होते. ॲम्ब्युलन्समध्ये सुनीता माझा हात धरून बसली होती. मी म्हणालो, "घट्ट धर ना." ती म्हणाली, "घट्टच धरलाय." त्या क्षणी मी पहिल्यांदा घाबरलो.

पुण्याच्या हॉस्पिटलात पाठीतून पाणी काढलं, हातापायांना वायरी लावून तपासणी केली. दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसून सांगितलं. उभ्यानं सांगितलं नाही, हे मी कधी विसरणार नाही.

"तुमचा मेंदू ठीक आहे. पायही ठीक आहेत. मेंदू हुकूम देतोय, पण मधल्या वायरींवरचं कव्हर गेलंय. हुकूम पोहोचत नाही. पोहोचला तरी पाय ऐकत नाही."

"पुन्हा ऐकेल?"

"बहुतेक ऐकेल. पण कधी ते मी सांगू शकत नाही. आणि त्याआधी हे आणखी वर चढू शकतं. छातीपर्यंत आलं तर आपण मशीन लावू. तुम्ही घाबरू नका, आम्ही इथंच आहोत."

ते चढलं. तिसऱ्या दिवशी मला श्वास पुरेना. घशात नळी गेली आणि माझा आवाज बंद झाला.

छत

आयसीयूमध्ये माणसाजवळ छत असतं. माझ्या छतावर चौकोनी फरश्या होत्या आणि एका फरशीच्या कोपऱ्याला पिवळा डाग होता. तो डाग माझ्या ओळखीचा झाला. सकाळी अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून कफ ओढणं. कफ ओढताना बुडाल्यासारखं वाटतं, पण ते संपतं. जे आत्ता तिथं आहेत त्यांच्या घरच्यांनी त्यांना हे रोज सांगावं की ते संपतं.

आतून मी पूर्ण जागा होतो. हे बाहेरच्यांना कळत नाही. लोक तुमच्या अंगावरून बोलतात. माझं नाक खाजत असे आणि तास तास खाजत राही. साफसफाई करणाऱ्या लतामावशींच्या ते लक्षात आलं. कसं आलं, देव जाणे. जाता-येता त्या नाकावरून एक बोट फिरवत आणि म्हणत, "झालं का? गेली?" एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. मी एकदा मिटायचो. त्या बोटाइतकं सुख मला पुढच्या आयुष्यात मिळेलसं वाटत नाही.

तात्या रोज यायचे. रोज एसटीनं, डबा घेऊन. भेटीची वेळ संपली तरी बाहेर बाकावर बसून राहायचे. आत आले की माझे केस विंचरायचे. मला ते बघवत नसे, आणि मान वळवता येत नसे.

डोंगरावरून येणारा अर्थ

पाचव्या दिवशी धोंडूमामा पुण्याला आले. त्यांना आत सोडलं नाही. त्यांनी सुनीताला विचारलं, "आयकू येतंय का त्यांला?"

"येतं म्हणतात."

"मंग वाचा की. वाचनाऱ्यानं आजवर दुसऱ्यास्नी आयकवलं, आता त्येनं आयकावं. त्येंची पाळी हाय."

सुनीतानं शेजाऱ्यांकडून पोथी मिळवली. सकाळी ती थोडंसं वाचायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि मामांची सून सारिका हिला पाठवायची. वाड्यावर रेंज नाही. वरच्या खडकावर उभं राहिलं तर येते. सारिकावहिनी शेळ्यांमागे जाताना तिथं मामांना ऐकवायच्या. मामा अर्थ सांगायचे. तो परत यायचा. संध्याकाळच्या भेटीत सुनीता मोबाईल माझ्या कानाशी धरायची. आधी वारा ऐकू यायचा, मग शेळ्यांच्या घंटा, मग मामांचं खाकरणं.

एका दिवशीचा अर्थ मला शब्दन् शब्द पाठ आहे. "मास्तर, आज देव म्हनतुया, आज्ञा आयक. तर आज्ञा लई मोठी नसती बगा. आपन शेरडाला हाक मारतो. तवा त्येला सगळा डोंगूर उतर आसं सांगत न्हाई. एक पाऊल हिकडं, बास. ते टाकलं की फुडची हाक. ज्येनं पयलं पाऊलच टाकलं न्हाई, त्येला फुडची हाक आयकूच येत न्हाई. एवढंच हाय आज. दूध काडायचंय, ठेवतो."

मी दिवसभर त्या वेळेची वाट बघू लागलो. छत तेच होतं, मशीन तेच होतं, पण दिवसाला टोक आलं होतं. मी माझ्याशीच खेळ लावला. आजच्या अर्थातलं एक आजच करायचं. जो हात हलवू शकत नाही तो काय करणार? कफ ओढणाऱ्या सिस्टरचा राग यायचा, तो सोडायचा. मावशी बोलल्या की पापणी मिटून उत्तर द्यायचं, झोपल्याचं सोंग घ्यायचं नाही. एवढंच. आणि त्यातून जो हलका आनंद यायचा, त्याचं मला नवल वाटायचं. अंगावर अकरा नळ्या असताना आनंद होतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग तो दिवस आला. वारा, घंटा, खाकरणं. "मास्तर, आज लई सोपं हाय. देवाला फूल वाह्यलं तर त्यो घेतो. पन ज्याचं त्येला दिलं, की त्यो हासतो. पानी, सावली, वाट, ही येकल्याची नसत्यात. आडवणारा म्हनतो म्या शेजाऱ्याला आडवलं. न्हाई. त्या वाटंनं देवबी येत आसतो. ठेवतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसता येईना. मशीन वाजू लागलं. सिस्टर धावत आल्या.

"दुखतंय?" दोनदा पापणी.

"भीती वाटते?" दोनदा.

"घरची आठवण येते?" दोनदा.

त्यांच्याजवळचे प्रश्न संपले. 'तुम्ही खोटी सही केलीत का?' असा प्रश्न कुठल्या सिस्टरला सुचणार? मी बोलू शकत होतो तेव्हा गप्प राहिलो होतो. आता सांगायचं होतं तर घशात नळी होती. मी देवाला एवढंच म्हणालो की मला आवाज दे, आणि सही करणारा हात दे. बरं कर, असं मी म्हणालो नाही.

अंगठा

व्यायाम घेणाऱ्या मॅडम रोज यायच्या. "सुरेश, डाव्या पायाचा अंगठा हलवा." मी सगळा जीव त्या अंगठ्यात ओतायचो. काही व्हायचं नाही. "छान. उद्या परत." रोज 'छान' म्हणायच्या. काय छान, असं मला वाटायचं.

एकदा त्यांनी तसंच म्हटलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळणार, तेवढ्यात थांबल्या. त्यांनी चादर वर केली.

"परत."

मी परत हुकूम दिला.

"अहो, परत."

त्यांनी सिस्टरला हाक मारली. सिस्टरांनी लतामावशींना हाक मारली. तिघी माझ्या अंगठ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला तो दिसत नव्हता, मान उचलत नव्हती. मावशींनी आपला हात माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि माझा अंगठा किती हलला ते स्वतःचा हलवून दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढा.

मी आजवर देवळात खूप वेळा हात जोडले आहेत. पण आश्चर्यानं ऊर भरून येणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. हुकूम कित्येक दिवस दिला जात होता. देणाऱ्यानं तो एकही दिवस थांबवला नव्हता. आणि आज कुठंतरी आत, अंधारात, एक धागा जुळला आणि अंगठ्यानं ऐकलं. मी त्या अंगठ्यात होतो. खरं सांगतो, मला असं वाटलं की मीच तो अंगठा आहे. मला रोज सांगितलं जात होतं. श्रावणात सांगितलं, तारेपाशी सांगितलं. मी शाबूत होतो, सांगणाराही होता, पण माझ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. ऐकण्यात सुख असतं ते याच कारणानं. ज्या कामासाठी पाय पाय आहे, ते त्याला पुन्हा करता येतं.

पुढे नळीसाठी गळ्याला भोक पाडलं होतं; ती नळी काढून ते बुजवलं आणि आवाज फुटला तेव्हा माझा पहिला शब्द 'सही' होता. सुनीता म्हणाली, "कसली सही? सगळे फॉर्म मी भरलेत. तुम्ही झोपा."

घर

घरी आलो तेव्हा मी वॉकरच्या चौकटीला धरून आठ पावलं चालत होतो. मामा ताक घेऊन भेटायला आले आणि उंबऱ्याजवळ बसले. सुनीता चुलीकडे गेली तसं मी सगळं एका दमात सांगितलं. पंचनाम्यावर सही माझी आहे, मी जागेवर आलो नव्हतो, वाट मला माहीत होती.

मामा म्हणाले, "ठावं हाय की."

"कधीपासून?"

"कागूद आला तवाच. सारिकानं वाचला. म्हनली, ह्ये तर आपलं पोथीवालं मास्तर."

"म्हणजे मला घोंगड्यात घातलंत तेव्हा माहीत होतं?"

"मंग? वझं उचलताना सई बगून उचलायचं आसतं व्हय?"

 मी विचारलं, "मग रोज अर्थ सांगत होतात, एकदाही नाव काढलं नाहीत?"

"काडलं आसतं तर तुमी माजं आयकलं आसतं. भिऊन, न्हाईतर लाजून. म्या म्हनलं, त्यांचं त्यांला आयकू येऊ द्या." आणि ते हसून म्हणाले, "ताक प्या. आंबट व्हतंय."

कचेरीत जाऊन खरा जबाब द्यायचं मी ठरवलं, पण त्याआधी तात्यांना सांगितलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते.

"दीड म्हैना यष्टीनं पुण्याला आलोय म्या. आठवतंय का?"

"आठवतं तात्या."

"तुजी क्यासं इंचरली."

"म्हणून तर तुम्हाला आधी सांगतोय. तुमच्या माघारी करायचं नाही."

"आरं पन वाट दिली तर तंबू कुठं ठोकू, तुज्या टकुऱ्यावर?" मग सुनीताकडे वळून म्हणाले, "सूनबाई, ह्याला पोथीबिथी आयकवायची बंद करा. शिरा बऱ्या झाल्या, डोकं गेलं." ते उठून गेले. जाताना माझी चौकट भिंतीला नीट टेकवून गेले, ते मी पाहिलं.

सुनीताही माझ्या बाजूची नव्हती. तिनं काय काय सोसलं होतं ते मला ठाऊक आहे. "नोकरी गेली तर? चौकशी लागली तर? तुम्हाला अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आणि तुम्ही न्याय करायला निघालात." तिचं खोटं नव्हतं. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या सकाळी तिनं शर्टाला इस्त्री केली, तो माझ्या अंगात घातला आणि खालपासून एकेक बटण लावत वर आली.

"चला," ती म्हणाली. "बटणं माझ्याकडे. बोलायचं तुम्ही."

कचेरीत

मी जबाब दिला की मी जागा न बघता पंचनाम्यावर सही केली, आणि वाट आहे. तो लिहून घेणाऱ्या भाऊसाहेबांनी दोनदा विचारलं, "विचार केलाय ना?" मी हो म्हटलं. खाली सही केली. हात अजून थरथरत होता. अक्षरं एकमेकांवर चढली. त्यांनी जुना कागद काढून शेजारी ठेवला.

"जुळत नाही ही. जुन्या सहीशी मेळ नाही."

"हात गेला होता."

"ते बरोबर आहे हो, पण उद्या कुणी म्हणेल दुसऱ्यानंच केली." त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. "असं करा, अंगठा द्या."

घरातला पहिला सही करणारा मी. सुनीतानं माझा अंगठा धरून पॅडवर दाबला, मग कागदावर. वडिलांचा अंगठा असाच जांभळा असायचा. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलासारखा मी त्या अंगठ्याकडे बघत बसलो. सुनीता म्हणाली, "पुसा आता. की मिरवायचाय?"

पुढे फेरपाहणी झाली, मला लेखी खुलासा द्यावा लागला, समज मिळाली, नोकरी राहिली. तात्यांच्या तारेत आज बिनकुलपाचं फाटक आहे आणि वाड्यावरची माणसं त्यातून ये-जा करतात. तात्या माझ्याशी मोजकं बोलतात, सुनीताच्या हातचा चहा घेतात. आजारी माणसांच्या घरच्यांना मी एवढंच म्हणेन की त्यांना रोज काहीतरी ऐकवा. उत्तर येत नसलं तरी ऐकवा.

कचेरीतून निघाल्यावर, यातलं पुढचं काहीच माहीत नसताना, मी भोरच्या स्टँडवर बसून एक पत्र लिहिलं आणि दुधाच्या टेम्पोवाल्याकडे वाड्यावर पोहोचवायला दिलं. पान भरायला दीड तास लागला. अक्षर माझ्या हाताचंच हवं होतं, म्हणून मी मोबाईल वापरला नाही.

धोंडूमामांना सा. न.

सारिकावहिनी, हे मामांना सावकाश वाचून दाखवा. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाचा.

मामा, आज मी वाट आहे असं सांगून आलो. पुढे काय होईल मला माहीत नाही. येत्या गुरुवारी जागेवर माणसं येणार आहेत. वाट कुठं आहे ते दाखवायला मला बोलावलंय. तुम्ही मला न्यायला खाली येऊ नका आणि घोंगडं आणू नका. मी पायथ्यापासून चालत येणार आहे. शंभर पावलांनी बसेन, पुन्हा उठेन. सुनीता बरोबर आहे. उशीर झाला तर काळजी करू नका. एका वेळी एकच पाऊल टाकायचंय, ते तुम्हीच सांगितलंय.

तारेपाशी त्या दिवशी मी गप्प राहिलो. मला बोलता येत होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. माफी मागत नाही, कारण तुम्ही ताक प्या म्हणाल.

पोथी काढून ठेवा. कापड झटकून ठेवा. श्रावण नाही हे मला माहीत आहे. वर पोहोचल्यावर मी वाचतो, तुम्ही अर्थ सांगा. माझा आवाज आता पहिल्यासारखा नाही, जरा फाटका येतो. तुम्ही ऐकून घ्याल.

खाली सही केली आहे. पहिलीशी जुळत नाही म्हणून शेजारी अंगठाही दिला आहे. दोन्ही माझेच आहेत. वहिनी, मामांना तो अंगठा दाखवा, तो त्यांना वाचता येईल.

तुमचा,
सुरेश